सात नंबरची वंदना

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे रजईला खोळ घातली.

तिकडे जर्मनीत रजईला खोळ असते. उशीच्या अभ्र्यासारखीच, पण त्यात माणूस मावेल एवढी. धुऊन वाळली की परत घालायची. एकट्याचं काम नाही ते. आमच्या हिची पद्धत अशी की रजईचे दोन कोपरे हातात घेऊन ती स्वतःच खोळीत शिरायची आणि आत चालत जायची. मी बाहेरून कोपरे चिमटीत पकडायचे.

"धरला का?" आतून आवाज.

"धरला."

"अहो, तो माझा कान आहे."

मी कान सोडला, कोपरा धरला. संध्याकाळचे सात वाजले होते, पण तिकडे उन्हाळ्यात सातला लख्ख ऊन असतं. पांढऱ्या कापडातून तिची हात वर केलेली सावली दिसत होती. मागे सीडी चालू होती, सात नंबरचं गाणं. ती बाहेर आली तेव्हा तिचे केस सगळे उभे राहिले होते. त्या कापडाने राहतात. म्हणाली, "जरा मोठं करा."

मी म्हणालो, "खालची म्हातारी वर येईल."

"येऊ द्या. एक कोपरा तिला देऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं, ती सोफ्यावर टेकली आणि गेली. ॲम्ब्युलन्स लगेच आली. डॉक्टरीण बाई होती, तिने पुष्कळ वेळ प्रयत्न केला. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. लिहायचंय ते त्या सीडीबद्दल, कारण त्यात मी चुकलो होतो.

आमचा मुलगा तिकडे एश्बॉर्नला, फ्रँकफुर्टच्या बाहेर. कॉम्प्युटरचं काम. सूनही कॉम्प्युटरमध्ये, पण तिचं ऑफिस शहरात, ती रोज एस-बानने, म्हणजे तिकडच्या लोकलने, जायची. त्यांनी आम्हाला तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं, कारण व्हिसा तीन महिन्यांचाच मिळतो. आम्ही उन्हाळ्याच्या तोंडावर गेलो. सकाळी दोघं कामावर गेले की घरात आम्ही दोघं. खिडकीतून ऑफिसं दिसायची, काचेची. त्या काचेत समोरची काचेची ऑफिसं दिसायची. बघायला दुसरं काही नव्हतं.

रविवारी मुलगा एकदा जुन्या बाजारात घेऊन गेला. फ्लोमार्क्ट म्हणतात. लोक घरातल्या नकोशा वस्तू सतरंजीवर मांडून बसतात. हिला तो बाजार फार आवडला, कारण मॉलमध्ये तिला घासाघीस करता येत नव्हती. एका जर्मन बाईने सीड्या मांडल्या होत्या. ही खाली बसली, एकेक उचलून बघायला लागली, आणि एक हातात धरून उठली ती खाली ठेवेना.

पांढरं कव्हर. मध्ये एक गुलाबी कमळ. वर उभी अक्षरं, खाली इंग्रजी.

"ही जपानची आहे," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"आपल्या विहारात जपानचे भन्ते आले होते ते आठवतात का? डफासारखं काहीतरी वाजवायचे ते. त्यांच्या छत्रीवर असलीच अक्षरं होती."

मला छत्री आठवत होती, अक्षरं नाहीत. ती म्हणाली, "जपान बुद्धाचा देश. वर कमळ आहे. ही वंदनाच असणार." त्या बाईकडे वळून हात जोडून म्हणाली, "किती?" मराठीत. त्या बाईला कळलं.

हिच्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे. आमच्या वस्तीत बायकांना वंदना हिने शिकवली. स्वतः तिसरीपर्यंत शिकलेली. पाली तिने सगळी कानाने पाठ केली, त्रिशरण पंचशील काय, बुद्धपूजा काय, एक शब्द चुकायचा नाही. लग्न असो, घर भरणं असो, कुणाचं पुण्यानुमोदन असो, बायका आधी हिला शोधायच्या. तिकडे गेल्यावरही सूनबाईच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या शेजारी पितळेची बुद्धमूर्ती मांडली आणि संध्याकाळी साडेसहाला वंदना सुरू. सून ऑफिसातून येऊन बूट काढते न काढते तोच तिलाही बसवायची.

त्या दिवशी घरी येऊन मुलाने सीडीचं खोकं उघडलं. आत एक छोटी पुस्तिका होती, त्यात चार पोरं आणि एक बाई यांचा फोटो. एका पोराचे केस पांढरे होते, म्हातारपणाने नव्हे, रंगवून.

मी म्हणालो, "यांनी मुंडण नाही केलेलं."

ही म्हणाली, "भन्ते नसतील. उपासक असतील."

सीडी लावली. ढोल, गिटार, आणि ती बाई काय म्हणत होती कोण जाणे. मी चौतीस वर्षं बसच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात रिव्हेट मारले, माझे कान अर्धे तिथेच राहिले. तरी मला ढोल ऐकू आला. ही डोळे मिटून हात जोडून बसली होती.

मुलाने मला बाल्कनीत नेलं.

"आल्झो, बाबा," तो म्हणाला. तिकडच्या लोकांना बोलण्याआधी असं काहीतरी म्हणावं लागतं. "ही वंदना नाहीये. हा गाण्याचा बँड आहे. जपानी पोरंपोरी नाचतात यांच्यावर. जपानच्या बाहेरच्या लोकांना माहीत व्हावा म्हणून यांची निवडक चौदा गाणी एकत्र करून काढलीय. आत इंग्रजीत अर्थही छापलाय."

"बाहेरच्या लोकांसाठी?"

"गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर.

"मग आपल्यासाठीच की."

"बाबा, आईला सांगायला पाहिजे."

मी काचेतून आत बघितलं. ती सात नंबरला पोचली होती. ते गाणं जरा सावकाश आहे. ती डुलत होती.

"तिला सांगू नको," मी म्हणालो. "कुणालाच सांगू नको. तुझ्या बायकोलाही नको."

"का?"

"खूश आहे ती."

आता हे मी म्हणालो याचं मुलाला फार नवल वाटलं, आणि ते बरोबरच होतं. मी विहाराच्या कमिटीवर बरीच वर्षं होतो. एका पौर्णिमेला वस्तीतल्या तरुणांनी स्पीकरवर सिनेमाची चाल लावली, शब्द बुद्धाचे, चाल नाचायची. मी जाऊन वायर ओढली. ठिणगी उडाली आणि अर्ध्या वस्तीची लाइट गेली. लोक अंधारात माझ्या नावाने ओरडत होते, पण गाणं बंद झालं. तेव्हापासून वस्तीत मला पाठीमागे 'वायर' म्हणतात. मला माहीत आहे. तर असा माणूस बुद्धमूर्तीपुढे चार पोरांचा ढोल वाजू देतो, हे मलाही नवल होतं. पण परक्या देशात ती दिवसभर काचा बघत बसायची, तिला एक वस्तू मिळाली होती. मी वायर ओढली नाही.

पुढे रोजचंच झालं. वंदना संपली की ती मला म्हणायची, "जपानची लावा." पहिले काही दिवस पूर्ण सीडी, मग फक्त सात नंबर. मी बटण सहा वेळा दाबून सातवर आणायचो. ती हात जोडून बसायची. मीही बसायचो. मांडी घालून, पाठ सरळ. अर्थ कळत नाही अशा गाण्यापुढे दोन महिने मी पाठ सरळ ठेवली.

ती गेल्यानंतरचे दिवस कागदांत गेले. तिकडे मेल्यावरही अपॉइंटमेंट लागते, टर्मिन म्हणतात. मृत्यूचा दाखला श्टांडेसआम्टमधून, म्हणजे जन्ममृत्यू नोंदणीच्या ऑफिसातून, त्याचं टर्मिन. दहनाचं टर्मिन. अस्थी आपल्या हातात देत नाहीत, परदेशी न्यायच्या तर वेगळे कागद. मुलगा फोनवर जर्मनमध्ये बोलायचा आणि मधेच थांबायचा, तेव्हा पलीकडचा माणूसही थांबायचा. चांगले होते ते लोक. पांढरं पातळ नेसवून नेऊ दिलं. एका काळ्या सुटातल्या माणसाने माझा हात हातात घेऊन काहीतरी म्हटलं. मला भाषा येत नाही म्हणून मी "जा" म्हणालो. जा म्हणजे हो. त्याने काय विचारलं होतं ते मला अजून माहीत नाही.

पुण्यानुमोदन रविवारी दुपारी ठेवलं, घरीच. मुलाने आपल्या लोकांना कळवलं. आपले लोक म्हणजे महाराष्ट्रातले, कोणी कंपनीत, कोणी युनिव्हर्सिटीत संशोधन करणारे. वीसेक जण येणार होते. कोलोनहून एक नवराबायको. न्युरेम्बर्गहून एक पोरगा. भन्ते मिळाले नाहीत, म्हणून वंदना आपणच म्हणायची आणि मग ज्याला बोलायचं त्याने दोन शब्द बोलायचे, असं ठरलं.

शनिवारी मी मुलाला म्हणालो, "वंदना झाली की सात नंबर लावायचं."

तो कागदाचे ग्लास मोजत होता. थांबला.

"बाबा, नको."

"ती रोज लावायची."

"घरात ठीक होतं. उद्या सगळी शिकलेली माणसं येणार आहेत. त्यांच्यापुढे आपण आईच्या फोटोला हार घालून पॉप लावायचं?"

"त्यांना काय कळतं? जपानी आहे."

"तो न्युरेम्बर्गवाला येतोय ना, तो दोन वर्षं जपानात होता." त्याने ग्लास खाली ठेवले. "त्याला शब्द न् शब्द कळेल. आणि कोणीतरी त्याला अर्थ विचारणार. विचारणारच, आपली माणसं आहेत. मग? लोक म्हणतील, बिचारी बाई, गाण्यालाच वंदना समजत होती. आईला हसलेलं चालेल तुम्हाला?"

नव्हतंच चालणार. त्यातच तर मी अडकलो होतो. जिने सगळ्या वस्तीला वंदना शिकवली, तिच्या पुण्यानुमोदनाला तिला कळत नव्हतं म्हणून पीएचडीवाल्यांनी हसावं, हे मला चालणार नव्हतं. आणि तिची म्हणून जी वंदना होती ती तिच्याच दिवशी गाळावी, हेही चालणार नव्हतं. दोन्ही एकदम कसं जमायचं ते मला सुचेना.

"लागणार," मी म्हणालो.

"मग मी तुमच्याशेजारी बसणार नाही."

"नको बसू."

रविवारी मी दुपारपासून जिन्यात उभा राहिलो. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचो, कुठून आलात. कोलोनवाले आले, फ्रँकफुर्टवाले आले, सगळ्यांनी बूट जिन्यात काढले, त्यांची पायरीपायरीवर रांग लागली. मग एक उंच पोरगा आला, पांढरा शर्ट, हातात पांढरी फुलं.

"तुम्हीच का न्युरेम्बर्गवाले?"

"हो काका. जयभीम."

"जयभीम. जपानात होतात म्हणे."

"हो, दोन वर्षं."

"जपानी येतं?"

"बऱ्यापैकी."

"किती?"

"बोललेलं कळतं सगळं."

"आज कळत नाही."

"अं?"

"आजच्या दिवस. या घरातून बाहेर पडेपर्यंत. कोणी विचारलं तर कळत नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग जिन्यातल्या बुटांकडे बघितलं. मला वाटलं, आता का म्हणून विचारणार, आणि मला सांगता येणार नव्हतं. तो म्हणाला, "बरं काका. नाही कळत." शिकलेला असूनही चांगला पोरगा.

वंदना चांगली झाली. मेणबत्त्या, उदबत्ती, तिचा फोटो. फोटो व्हिसासाठी काढलेला होता, त्यात ती रागावलेली दिसते, कारण फोटोवाल्याने हसू नका म्हणून सांगितलं होतं. शेवटी तीनदा साधू म्हटलं. मी उठलो, बटण सहा वेळा दाबलं. मुलगा माझ्याशेजारीच बसला होता. शेजारी बसणार नाही म्हणाला होता, पण बसला, आणि खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढायला लागला.

गाणं सुरू झालं. मी कोणाकडे न बघता म्हणालो, "ही जपानची वंदना आहे. आमची मंडळी रोज ऐकायची."

लोकांनी हात जोडले. वीस माणसं मांडी घालून, डोळे मिटून. गाण्याच्या मध्ये ढोल जोरात येतो तिथे कोलोनच्या बाईंनी एक डोळा उघडला आणि परत मिटला. न्युरेम्बर्गवाला भिंतीला टेकून वर छताकडे बघत होता. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. चार मिनिटांचं गाणं आहे. मी कारखान्यात सोळा सोळा तास उभा राहिलोय, ते एवढं लांब नव्हतं.

संपलं. कोलोनच्या बाई म्हणाल्या, "किती शांत वाटलं." मग व्हायचं तेच झालं. न्युरेम्बर्गवाल्याकडे वळून म्हणाल्या, "अरे, तू होतास ना तिकडे? काय अर्थ आहे याचा?"

"मला जपानी येत नाही," तो म्हणाला.

"दोन वर्षं होतास की!"

"लॅबमध्ये इंग्रजीच होतं."

"दुकानात काय करायचास?"

"बोट दाखवायचो."

"कमाल आहे बाई या पोरांची," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं नुसतं बोट." सगळे जण त्याच्याकडे बघायला लागले. तो लाल झाला होता, पण शब्दाला जागला. मी मनात म्हणालो, झालं, निभावलं.

तेवढ्यात सूनबाई बोलायला उभी राहिली.

ती कमी बोलते. तिच्या हातात ती पुस्तिका होती, सीडीच्या खोक्यातली. मला वाटलं, सासूची आठवण म्हणून घेतली असेल.

"अर्थ मी सांगते," ती म्हणाली. "आईंना मी पहिल्याच आठवड्यात वाचून दाखवला होता."

मुलाने धागा सोडला.

ती सांगू लागली. "एका संध्याकाळी हे आणि बाबा फिरायला गेले होते. मला वाटलं, आईंना वाईट वाटेल, पण खोटं तरी किती दिवस बोलायचं. मी म्हटलं, आई, ही वंदना नाहीये हो, हा गाण्याचा बँड आहे. तर म्हणाल्या, मला वाटलंच. बुद्धापुढे एवढ्या उड्या कोण मारतं? मग म्हणाल्या, आणलीच आहे तर वाच, काय म्हणतायत ते. मी चौदाच्या चौदा वाचून मराठीत सांगितली. सात नंबरला त्या जे हसायला लागल्या ते थांबेनात. मी पाणी आणून दिलं."

तिने पुस्तिका उघडली, पण त्यात बघितलं नाही.

"त्यात ती बाई नवऱ्याला म्हणते, आज कामावर जाऊ नकोस. फोन करून सांग, अंगात ताप आहे. मला स्कूटरवर बसव आणि समुद्रावर घेऊन चल. डबा केलेलाच आहे, तिकडे बसून खाऊ. एवढंच गाणं आहे. आई म्हणाल्या," इथे सूनबाईने पुस्तिका मिटली, "आई म्हणाल्या, आमच्या ह्यांना मी असं म्हटलं असतं ना, तर ह्यांनी डबा घेतला असता आणि मला घरी ठेवलं असतं."

आधी कोलोनच्या बाई हसल्या. तोंडावर पदर घेऊन. मग त्यांचा नवरा. मग सगळेच.

"मी विचारलं, मग ही वंदनेनंतर का लावता? तर म्हणाल्या, गाणं आहे म्हटलं तर हे वायर ओढतील. वंदना आहे म्हटलं की पाठ सरळ करून बसतील. ह्यांना सांगू नकोस. कोणालाच सांगू नकोस, तुझ्या नवऱ्यालाही नको."

आता लोकांना हसू आवरेना. वायर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, तरी हसत होते, कारण मी पाठ सरळ करूनच बसलो होतो. ज्याची मला भीती होती ते सगळं झालं. माझ्या घरात, तिच्या फोटोपुढे, शिकलेली वीस माणसं हसली. फक्त ती तिला हसली नाहीत. तिने ठरवलेल्या जागी हसली, आणि हसली ती मला.

न्युरेम्बर्गवाल्याने भिंतीपासून मान पुढे काढली. "काका, आता येतं का मला?"

"येऊ दे."

"वहिनींनी अर्थ बरोबर सांगितला. फक्त ती स्कूटर नाही. मूळ गाण्यात सायकल आहे. इंग्रजीत त्यांनी स्कूटर केलंय, बाहेरच्यांसाठी."

मी म्हणालो, "माझ्याकडे सायकल होती."

वर आणखी म्हणालो, "पण समुद्र आमच्याकडून लांब पडतो. सायकलने होत नाही." त्यावर परत हसले. मी विनोद केला नव्हता. अंतर सांगितलं.

मग चहा झाला, लोक आपापल्या गाड्यांच्या वेळा बघून निघाले. जिन्यात बूट बदलले गेले, एकाला दोन डावेच मिळाले, ते निस्तरलं. उन्हं अजून होती. सून भांडी घासत होती, मुलगा सतरंजी गुंडाळत होता.

"तुला बायकोने सांगितलं नव्हतं?" मी त्याला विचारलं.

"नाही."

"तू तिला?"

"तुम्हीच म्हणालात ना, सांगू नको."

म्हणजे दोन खोल्यांचं घर, त्यात चार माणसं, चौघांनाही ठाऊक की ही वंदना नाही, आणि चौघंही रोज संध्याकाळी त्यापुढे हात जोडून बसत होतो. मला वाटत होतं, मी तिला सांभाळतोय. ती मला सांभाळत होती. आमच्या दोघांत तिला जास्त जमलं, कारण तिचं मला कळलं नाही. माझं तिला कळलं होतं की नाही, हे आता विचारायची सोय नाही. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिने आणखी काय काय वंदना म्हणून खपवलं असेल, याचा मी खुर्चीवर बसून विचार केला. बरंच काही आठवायला लागलं. पावसाळ्यात वर्षावासाच्या प्रवचनांचं कारण सांगून ती माहेरी जायची, ते आठवलं. विहारातल्या बायकांची मीटिंग दर शुक्रवारी असायची आणि कधी काही ठराव म्हणून होत नसे, ते आठवलं.

चौतीस वर्षांत माझा एक खाडा नाही. म्हणजे एक दिवस गैरहजेरी नाही. कारखान्याने त्याबद्दल भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते मी सगळ्यांना दाखवायचो, ती कधी काही बोलायची नाही, घड्याळाला चावी द्यायची. एकदा तरी म्हणायचं होतं तिने, आज जाऊ नका. म्हटलं असतं तरी मी गेलो असतो, हे इथे खोटं लिहिणार नाही. मुकादमाला फोन करून ताप आहे म्हणून सांगणं मला जमलंच नसतं, आणि फोन कुठे होता. पण दिवसभर ते डोक्यात राहिलं असतं. एखादा रिव्हेट वाकडा बसला असता.

सुनेने चौदाच्या चौदा गाणी वाचून दाखवली होती, म्हणजे बाकीच्या तेरा गाण्यांवरही ही काहीतरी बोलली असणार. गप्प बसणारी बाई नव्हती ती. ते फक्त सुनेला ठाऊक होतं. आणि माझ्या व्हिसाचे अकरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. चहा केला, तो कडू झाला. सूनबाई तयार होऊन, खांद्याला पिशवी लावून बाहेर आली तेव्हा पुस्तिका तिच्यापुढे धरली.

"एक नंबर सांग," मी म्हणालो.

"आत्ता?"

"काय आहे त्यात?"

तिने उभ्याउभ्या चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पुस्तिका उघडली. "एका मुलीने नवीन बूट घेतलेत. ते चावतायत. पण तो भेटायला येणार म्हणून ती तेच घालून चालतेय."

"मग? ही काय म्हणाली?"

"आई? म्हणाल्या, पावती असेल तर परत करायचे."

"बरोबर आहे. दोन नंबर?"

"बाबा, माझी गाडी जाईल. आठ सतराची आहे."

मी चपला घातल्या आणि तिच्याबरोबर निघालो. स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे. ती भरभर चालते, मी तिच्या उजव्या बाजूला राहिलो, माझा डावा कान जरा बरा आहे. वाटेत दोन आणि तीन झाले. दोन हिला आवडलं नव्हतं. तीनला ही म्हणाली होती की गाण्यातल्या पोराची आई बरोबर आहे. चार नंबर निम्मं झालं आणि गाडी आली.